आत्याच्या चालीने माथेरान

माझी आत्या १९७३ ते १९८४ अशी अकरा वर्षं नेरळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होती. वर्गाच्या खिडकीतून माथेरानची गाडी दिसायची. "दिसायची म्हणजे काय, तास मोडायची," असं ती सांगते. शिट्टी झाली की अख्खा वर्ग खिडकीशी. कोळशाचं इंजिन होतं, त्यामुळे गाडी झाडाआड गेली तरी धूर बराच वेळ दिसत राहायचा आणि धूर दिसेनासा होईपर्यंत एकही पोरगं पाढ्यांकडे वळायचं नाही. घड्याळ नसलं तरी मधली सुट्टी कधी द्यायची ते तिला त्या शिट्टीवरून कळायचं.

यंदा दिवाळीत फराळ करता करता कळलं, की त्या गाडीत आत्या एकदाही बसलेली नाही.

"अगं, पण तू माथेरानला गेली होतीस ना?"

"गेले होते की. शहात्तर साली, सहल घेऊन. बेचाळीस पोरं. गाडीचे पैसे कुठून आणणार? चालत नेली, चालत आणली. दिवसभर मी पोरं मोजत होते. माथेरान कुठे पाहिलं?"

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मलाच चकली गिळता येईना. मी स्वतः माथेरानला सात-आठ वेळा गेले असेन. कॉलेजच्या मित्रमैत्रिणींबरोबर, नवऱ्याबरोबर, ऑफिसच्या लोकांबरोबर. दर वेळी एका दिवसात जास्तीत जास्त पॉइंट उरकायचे आणि घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं, एवढंच आठवतं. डिसेंबरातल्या एका मंगळवारी मी रजा टाकली. शनिवार-रविवारी तिथे जाऊ नये हे मला अनुभवाने कळलेलं आहे, तुम्हीही ऐका.

मी डोंबिवलीला कर्जत लोकल पकडली, आत्या बदलापूरला चढली. लेडीज डबा, मधला, दुसरं दार, असं फोनवर तीनदा ठरवून. वय शहात्तर. पांढरे कॅनव्हासचे बूट, निळी साडी आणि खांद्याला एक पिशवी. तिच्यात काय आहे ते विचारायचं नाही, कारण विचारलं तरी ती "असू दे" म्हणते. मी आदल्या रात्री एक कागद तयार केला होता. कुठले पॉइंट, कुठून कुठे, किती अंतर. वांगणी गेलं तेव्हा तो मी तिला दाखवला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, शाळेत निबंध तपासावा तसा, आणि घडी घालून मला परत दिला.

"छान काढलंयस. ठेव पर्समध्ये."

दिवसभरात तो कागद पुन्हा बाहेर आला नाही.

माथेरानच्या गाडीचं तिकीट आधीपासून काढून ठेवता येत नाही, नेरळच्या खिडकीवर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. सकाळच्या पहिल्या गाडीसाठी आम्ही पुष्कळ आधी पोचलो होतो. आमच्या पुढे पंधराएक माणसं, त्यातली निम्मी गुजराती कुटुंबातली. खाकऱ्याचे डबे तिथेच उघडले होते. आत्या रांगेत उभी राहायची सोडून पलीकडे जाऊन रूळ बघत होती. दोन फुटांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर. शेजारच्या मोठ्या रुळांपुढे ते खरोखरच खेळण्यातले वाटतात. "पोरं या रुळांवर एका पायाने चालायची पैज लावायची," ती म्हणाली. "मी ओरडायचे. पण कोणी पाहत नसलं की मीही चालून पाहिलंय."

ही रेल्वे १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. पैसे वडिलांचे, सोळा लाख रुपये. असं म्हणतात की पीरभॉय एकदा नेरळला उतरले तेव्हा वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, सगळं आधीच कोणी ठरवून ठेवलेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपली आगगाडीच करायची. खरं-खोटं पीरभॉय जाणोत. आम्हाला मात्र रिक्षा मिळाली नाही की आम्ही फार तर फोनवर दुसरं अ‍ॅप उघडतो.

खिडकीची जागा मिळाली. डबा इतका अरुंद की समोर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांशी आपली ओळख होतेच. आमच्या समोर पुण्याहून आलेलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. ते आधी आमच्याकडे बघून हसलं आणि मग वळून एकमेकांकडे बघू लागलं. ते बरं झालं.

गाडी सुटली आणि थोडा वेळ मोठ्या रुळांच्या बाजूने धावली. मग वळली. आणि वळल्यावर आत्या एकदम पुढे झुकली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "इथून शाळा दिसायला हवी." कौलं शोधत होती ती. तिथे आता तीन-चार मजल्यांच्या इमारती, गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. मान वळवून ती बराच वेळ मागे पाहत राहिली. शाळा दिसली की नाही ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

नेरळ जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे आणि माथेरान आठशेच्या आसपास. हे सगळं चढायला एकवीस किलोमीटरची वाट आणि अडीच तासांहून जास्त वेळ. डोंगराच्या कडेने गाडी इतकी वळते की आपलंच इंजिन आपल्याला समोरून आल्यासारखं दिसतं. मोटारीचा रस्ता सारखा आडवा येतो, टॅक्सीतली माणसं हात हलवतात आणि पाच मिनिटांनी वरच्या वळणावर तीच टॅक्सी पुन्हा भेटते. जुम्मापट्टीला गाडी थांबली तशी काकडीवाल्या बाया खिडकीशी आल्या. उभी चिरलेली काकडी, तिखटमीठ. आत्याने चार घेतल्या आणि त्यातल्या दोन न विचारता पुण्याच्या जोडप्याला दिल्या.

"आमच्या वेळी दोन डब्यांच्या मध्ये ब्रेकवाले उभे असायचे," ती त्यांना सांगू लागली. "शिट्टी झाली की सगळ्यांनी आपापला ब्रेक फिरवायचा. पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा सुरू झाली की गावातली माणसं बघायला जायची." पावसाळ्यात ही गाडी बंदच असते. आणि २६ जुलै २००५ च्या पावसाने तर रूळच वाहून नेले होते, पुन्हा गाडी चढायला २००७ उजाडलं. म्हणजे शंभरी गाठली तेव्हा बिचारी नुकतीच दुखण्यातून उठली होती.

वाटेत एकच बोगदा लागतो. इतका लहान की त्याला 'वन किस टनेल' असं नाव पडलंय. आत जाईपर्यंत बाहेर. मी आत्याला नाव सांगावं की नाही या विचारात होते, तेवढ्यात समोरच्या मुलीनेच सांगितलं. आत्याने बोगद्याकडे, मग त्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यात काय होणार?" त्यानंतर अमन लॉजपर्यंत ती दोघं खिडकीबाहेरच बघत होती.

वॉटर पाइप स्टेशन मागे पडलं, अमन लॉज आलं. इथेच दस्तुरी नाका. मोटारी, टॅक्सी, सगळं इथे थांबतं. पुढे माथेरानात मोटार जात नाही, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर. २००३ साली या सगळ्या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं गेलं, पण गाड्यांना मज्जाव त्याच्याही खूप आधीपासूनचा. अमन लॉजनंतर गाडी झाडीत शिरली तशी हवा बदलली. उजेड हिरवा झाला म्हणा ना. मी स्वेटर काढून आत्याला दिला, तिने तो मांडीवर घेतला आणि घातला नाही.

माथेरान स्टेशन ऐन बाजारात आहे. उतरलो की घोड्यांचा वास, चिक्कीचा वास आणि "घोडा, मॅडम, सात पॉइंट, बारा पॉइंट" हा घोष. आत्या घोड्याजवळ गेली, त्याच्या मानेवर हात फिरवला, घोडेवाल्याला घोड्याचं नाव विचारलं. वादळ. "चांगला आहे हो वादळ," म्हणाली आणि पुढे निघाली. घोडेवाला एका क्षणासाठी गोंधळला, मग हसला.

मग हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढणार, मागून ढकलणारा वेगळा. साठीच्या जवळ आलेले एक गृहस्थ आमच्या बाजूने चालू लागले. "आजी, बसा. पायऱ्या, चढ, लई आहे. नंतर मिळायची नाही ही बसायला." त्यांचं खरंच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणं ही अमानुष गोष्ट आहे, सहा महिन्यांत माथेरानच्या हातरिक्षा बंद करा आणि या लोकांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. आत्याने त्यांना विचारलं, किती वर्षं करताय? पस्तीस. गुडघे? "त्यांचं विचारू नका." आता ई-रिक्षा मिळेल ना? "कागद दिलेत. बघू."

"मी बसले तर तुम्हाला चार पैसे मिळतील," आत्या म्हणाली, "आणि बसले तर मला दिवसभर बरं वाटणार नाही. काय करू सांगा."

ते म्हणाले, "मग चाला." आणि चहाच्या टपरीपर्यंत आमच्याबरोबर चालत आले. तिथे तिघांनी चहा घेतला. पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत, हे मला अजून पटलेलं नाही.

काठी मात्र आत्याला घ्यावीच लागली. माथेरानच्या बाजारात तीनच गोष्टी खऱ्या विकायच्या: चिक्की, चामड्याच्या चपला आणि काठ्या. बाकी सगळं कुठेही मिळतं. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवर आत्याने तोंडातून अवाक्षरही काढलं नाही, फक्त काठी परत ठेवली. किंमत उतरली. दुसरी उचलली, वजन पाहिलं, जमिनीवर दोनदा आपटली, परत ठेवली. पुन्हा उतरली. घासाघीस करताना मी नेहमी बोलून पैसे घालवते, हे मला तिथे कळलं.

बाजार संपता संपता ती थांबली आणि काठी टेकून माझ्याकडे वळली. मला पुढचं माहीत होतं.

"भाई कोतवाल. जन्म?"

"एकोणीसशे..."

"बारा. एक डिसेंबर. इथलाच. माथेरानचा. न्हाव्याचा मुलगा, वकील झाला. इथल्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. मग?"

"मग बेचाळीस."

"आझाद दस्ता. विजेचे मनोरे पाडले, मुंबईचे कारखाने बंद पडावेत म्हणून. आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्या. तो आणि हिराजी पाटील." दर वर्षी दोन जानेवारीला ती हे वर्गात सांगायची. "पोरांना राणीचे पॉइंट आणि लॉर्डांचे पॉइंट तोंडपाठ होते," ती चालायला लागली. "म्हणून सहलीच्या दिवशी आधी इथे उभं करून हे सांगितलं. नंतर भूक लागली म्हणून रडायला लागली."

खरं सांगायचं तर माथेरानचा नकाशा वाचला की राणीच्या घरातला वाढदिवसाचा समारंभ चालू आहे असं वाटतं. शार्लट, लुईझा, अलेक्झांडर, किंग जॉर्ज. चौकला तळ टाकून बसलेला ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये हा डोंगर चढून वर आला आणि त्याने माथेरान 'शोधलं', असं मी आत्याला फोनवरून वाचून दाखवलं.

"शोधलं? आणि वर जी धनगरांची, ठाकरांची माणसं होती ती काय हरवली होती?"

मी फोन ठेवून दिला.

शार्लट तलावाकडे जाणारी वाट लाल मातीची आहे. काळ्या कातळाच्या डोंगराला वर जांभ्याची टोपी, म्हणून ही माती. मुख्य रस्त्यावर, म्हणजे दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत, पेव्हर ब्लॉक बसवायला न्यायालयाने परवानगी दिलीय. आतल्या वाटा मात्र मातीच्याच राहायच्या. त्यावरून गावात दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं ऐकलं की पटतं. घोडे ब्लॉकवर घसरतात. आणि मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात म्हातारं माणूस दवाखान्यात नेणं म्हणजे काय, ते पर्यटकाला कुठून कळणार. मी काही मत देत नाही. माझे पांढरे मोजे दुपारपर्यंत विटकरी झाले होते आणि धुवून आजही तसेच आहेत, एवढंच.

आत्याची चाल म्हणजे काय ते आता सांगायला हवं. वीस-पंचवीस पावलं, मग काठी. थांबायचं. थांबण्याला नेहमी काहीतरी कारण. हे झाड जांभळाचं. हे पण जांभळाचं. ही अंजनी, उन्हाळ्यात याला जांभळ्या फुलांचे झुपके येतात, खोडालाच. तो बंगला पारशाचा असणार, व्हरांडा बघ. पडक्या कुंपणामागे एक बंगला होता, छपराला मोठं भोक पडलेलं आणि त्यातून वर आलेलं झाड. पुढच्या दारावर मात्र कुलूप, चांगलं पितळी, कोणीतरी नुकतंच तेल घातलेलं. दहा मिनिटं आम्ही त्या कुलपाबद्दल बोलत उभ्या होतो. पाचेक माणसं, दोन घोडे आणि एक ई-रिक्षा आम्हाला ओलांडून गेली.

पहिला अर्धा तास मला फार जड गेला, हे कबूल करते. पाय आपोआप पुढे पळत होते, मी दहा पावलं पुढे जाऊन वळून बघत होते. आत्या म्हणाली, "तू जा हो पुढे, मी येते." तिचं हे वाक्य मी लहानपणापासून ओळखते. शाळेत ज्या पोराला ते ऐकवलं जायचं ते पोर पुन्हा कधीच पुढे जायचं नाही. मग मीही तिच्याबरोबर झाडं बघू लागले. एका जांभळाच्या उंच फांदीवर तपकिरी काहीतरी हललं आणि शेपटी लोंबली. शेकरू. सात-आठ फेऱ्यांमध्ये मला माथेरानात शेकरू कधी दिसलं नव्हतं. घाईत कधी मान वर झाली असेल तर ना.

तलावाजवळ ग्रामदैवत पिसारनाथाचं देऊळ आहे. आत गार फरशी. बाहेर कितीही ऊन असो, त्या देवळात शिरलं की पाय थंड पडतात. आत्या गाभाऱ्यापुढे बसली ती पंधरा मिनिटं उठलीच नाही. जप वगैरे काही नाही, पोटऱ्या चोळत होती.

तळ्याच्या काठी आमचं जेवण. अखेर पिशवी उघडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, आणि फडक्यात बांधलेला गूळ. शार्लटचं पाणी माथेरानच्या पिण्याचं, म्हणून तिथे पोहायला मनाई आहे. पाणी अगदी स्थिर होतं आणि चारी बाजूंची झाडी त्यात उलटी. मी पहिला घास तोंडात घालत होते तेवढ्यात मागून एक माकड आलं, अजिबात घाई न करता, एखाद्या वसुली कारकुनासारखं, आणि दोन दशम्या चटणीसकट उचलून घेऊन गेलं. मी ओरडले. आत्या शांतपणे म्हणाली, "चटणी तिखट आहे. कळेल त्याला." माकड भिंतीवर बसून सगळं खाऊन गेलं. कळल्याचं काही चिन्ह दिसलं नाही.

आणि मग ती शाळेची सहल आली.

लाल टोप्या, पाठीला सॅक, दोन-दोनच्या रांगा, पुढे एक सर आणि मागे तरुण बाई. तलावाशी आल्याबरोबर रांगा मोडल्या. मी चूळ भरून आले तर आत्या उभी होती, काठी काखेत आणि उजव्या हाताचं बोट हवेत बारीक हलत होतं. ओठही. मी काही बोलणार तर डाव्या हाताने गप्प केलं.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"आत्या, तुला काय माहीत किती आणलीत ती?"

"जोड्या आहेत ना. आता एकोणचाळीस. कोणाचा तरी जोडीदार नाही."

आणि ती गेलीच त्या बाईंकडे. मी मागे. बाई पंचविशीच्या असतील, एका मुलाच्या नाकातून येणारं रक्त थांबवत होत्या. आत्याने स्वतःची ओळख करून दिली, निवृत्त शिक्षिका, आणि सांगितलं की बाई, तुमचं एक मूल कमी आहे. बाईंचा चेहरा पांढरा पडला. सरांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं, मोजलं. बाईंनी मोजलं. सरांनी पुन्हा मोजलं. चाळीस. बरोबर चाळीस. नाकातून रक्त येणारा मुलगा पायरीवर बसला होता, तोच आत्याच्या मोजणीत सुटला होता.

ती मनापासून ओशाळली. बाई उलट म्हणाल्या, "नाही हो, बरं केलंत, मीही दर दहा मिनिटांनी मोजतेच." मग आत्याने पिशवीतून कापूस काढला (तिच्याकडे कापूस होता), नाक दाबून मान पुढे कर, मागे नाही, असं त्या मुलाला दाखवलं आणि गुळाचा खडा दिला. परत येताना मात्र एकदम गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "पूर्वी चुकत नसे मी."

"शहात्तर साली एकदाही चुकली नाहीस?"

"एकदाही नाही. चुकून चाललं असतं का? तिकडे कडा, इकडे कडा."

एको पॉइंट तिथून जवळ. लोक आपापली नावं ओरडत होती, प्रेयसीची ओरडत होती, एकाने क्रिकेटपटूचं ओरडलं. दरी इमानेइतबारे सगळं परत करत होती. मी आत्याला म्हटलं, ओरड काहीतरी. "मला नाही जमत तसलं." बाकड्यावर बसली. शेजारच्या कोल्हापूरच्या घोळक्याने आरडाओरडा असा काही चढवला की दरीला उत्तर द्यायला फुरसत मिळेना. पाच मिनिटं आत्याने सहन केलं. मग उभी राहिली, काठी टेकली आणि पोटातून आवाज काढला:

"गप्प बसा!"

दरी म्हणाली: बसा. आणि मग खरंच सगळे बसले. कठड्यावरचा एक दणकट मुलगा चटकन खाली उतरून उभा राहिला, हात पाठीमागे. दोन-तीन सेकंद काहीच आवाज नाही, फक्त वारा. मग सगळे हसायला लागले, आत्याही. त्या घोळक्याने तिच्याबरोबर फोटो काढले. आता ते कोल्हापुरात कुठल्या तरी फोनमध्ये असतील.

लुईझा पॉइंटपर्यंत आम्ही कशाबशा गेलो. समोर प्रबळगड, मधे दरी. उन्हं उतरू लागली होती आणि पनवेलकडचं सगळं धुरकट. इथे आत्या बराच वेळ बसली. गुडघ्यावर हात, काठी मांडीवर आडवी. मी विचारलं, हा पाहिला होता का तेव्हा?

"इथे आलो होतो. पण मी तिकडे पाठ करून उभी होते. पोरांकडे तोंड." थोडं थांबून म्हणाली, "मागे एवढं मोठं काहीतरी आहे हे जाणवत होतं."

मग ती प्रबळगडाकडे तोंड करून बसून राहिली. मी गप्प बसले. एकदा घड्याळ पाहिलं आणि तिला ते दिसू नये म्हणून बाही खाली ओढली.

सनसेट पॉइंट राहिला. पॅनोरमा, अलेक्झांडर, वन ट्री हिल, सगळे राहिले. बाजारात परत येईपर्यंत दिवे लागले होते. चिक्की घेतली, शेंगदाण्याची अर्धा किलो आणि तिळाची पाव. संध्याकाळच्या शटल गाडीने अमन लॉज, तिथून शेअर टॅक्सीने नेरळ. टॅक्सीत आत्या पहिल्याच वळणाला झोपली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून घाट उतरली. लाल झालेले कॅनव्हासचे बूट, त्यांच्या नाड्या सुटलेल्या. एवढ्या वळणांमध्ये मी तशीच ताठ बसून राहिले, मान आखडेपर्यंत.

नेरळला कर्जतहून येणाऱ्या लोकलला वीस मिनिटं होती. पलीकडे माथेरानच्या गाडीचे डबे अंधारात उभे होते. आत्याने चष्मा पुसला, लावला. बोट हवेत हलायला लागलं.

"सहा," ती म्हणाली. "तू मोज."

"असतील गं सहा."

"मोज म्हणते ना."

मी मोजले. सहाच होते.

"बरोबर," मी म्हटलं.

"हं," म्हणून तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. लोकलचा दिवा दिसू लागला होता. लेडीज डबा कुठे येतो ते बघायला ती पुढे चालू लागली.